पेनी पडते कुठे? ‘द पेनी ड्रॉप्ड’चा अर्थ, उगम आणि मराठीतली पंचाईत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका ब्रिटिश रहस्यकथेत ‘अँड देन द पेनी ड्रॉप्ड’ असं वाक्य आलं. ‘मग त्याच्या लक्षात आलं’ एवढा अर्थ तुम्हाला मागच्यापुढच्यावरून लागला. पण पेनी म्हणजे तर ब्रिटनचं सुटं नाणं; मग ही पेनी कुठली, ती पडली कुठे, आणि मराठीत याला म्हणायचं काय? शिवाय तुम्ही स्वतः ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘अ पेनी ड्रॉप्ड इन माय माइंड’ असं लिहिलंत आणि लंडनच्या सहकाऱ्याने उत्तरादाखल नुसता हसरा चेहरा पाठवला. तो का हसला, हेही तुम्हाला हवंय. ते शेवटी सांगतो.

मी गेली पंचवीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आणि अधूनमधून नव्या अनुवादकांच्या खर्ड्यांवर हात फिरवतो. या पेनीने घातलेले घोळ मी बरेच पाहिलेत. सगळ्यांत लाडका घोळ एका कादंबरीच्या खर्ड्यातला. नायकाच्या बहिणीचं नाव पेनेलपी, घरात सगळे तिला पेनी म्हणायचे. प्रकरण रंगात आलेलं, नायक टेबलावरच्या पत्राकडे टक लावून बसलाय, आणि मराठीत वाक्य येतं, ‘अखेर पेनी पडली.’ मी चपापलो. कुठून पडली? जिन्यावरून? बरं, कुणी उचलायलाही धावत नाही. पुढच्या पानावर पेनीबाई व्यवस्थित चहा करत होत्या. मूळ इंग्रजी उघडलं तेव्हा कुठे उलगडा झाला, आणि गंमत म्हणजे त्या वेळी माझ्या बाबतीत जे झालं, नेमकं त्यालाच इंग्रजीत पेनी पडणं म्हणतात.

‘लक्षात येणे’ हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. साहेब हसतहसत म्हणतात, ‘पुढच्या महिन्यापासून तुमचं टेबल आपण दुसऱ्या कुणाला तरी देऊ या.’ तुम्ही मान डोलावता, ‘हो सर’ म्हणता, जिना उतरता, पार्किंगमध्ये येता, स्कूटरला किल्ली लावता, आणि किल्ली फिरवतानाच हात थांबतो. टेबल नाही, नोकरीच गेलीय. पेनी पडली ती इथे, स्कूटरपाशी. साहेबांच्या केबिनमध्ये सगळी माहिती तुमच्या हातात आली होती. नवीन काही कळायचं शिल्लक नव्हतं. जिन्यावरची ती दोन मिनिटं माहिती डोक्यात कुठेतरी अडकून राहिली होती, एवढंच. तो अडकलेला वेळ या वाक्प्रचारात अध्याहृत असतो. म्हणून इंग्रजीत त्याच्या जोडीला ‘फायनली’, ‘अ‍ॅट लास्ट’, ‘इट टुक अ व्हाइल’ अशी शेपटं सारखी दिसतात.

याच कारणाने ‘युरेका’ आणि पेनी यांची गल्लत करू नये. आर्किमिडीज न्हाणीतून तसाच ओरडत धावला ही गोष्ट आपल्याला रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हिअसमुळे माहीत आहे. खरी असो वा नसो, तीत त्याने आधी कुणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी शोधून काढलंय. पेनी पडायला आर्किमिडीज व्हावं लागत नाही. उलट बहुतेक वेळा बाकीच्यांना आधीच कळलेलं असतं आणि आपणच शेवटचे असतो. विनोद सांगून झाला, टेबलावरचे सगळे हसले, आणि अर्ध्या मिनिटाने एकजण एकटाच फस्सकन हसतो, ती पेनी. शास्त्रज्ञाच्या शोधाबद्दल कुणी हा वाक्प्रचार वापरला तर तो थोडा खट्याळपणे वापरलाय असं समजावं.

आता यंत्राकडे. कारण ही पेनी खरोखरच एका यंत्रात पडते.

फटीत नाणं टाकलं की माल देणारी यंत्रं इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात भराभर उभी राहिली. पर्सिव्हल एव्हरिट नावाच्या गृहस्थाने १८८३ च्या सुमारास लंडनमध्ये पोस्टकार्डं विकणारं यंत्र आणलं, आणि त्याच दशकात नाणं टाकून वजन सांगणाऱ्या यंत्राचंही पेटंट घेतलं. बघताबघता रेल्वेच्या फलाटांवर चॉकलेटची यंत्रं आली, समुद्रकाठच्या धक्क्यांवर करमणुकीची आली. डोळे लावून बघायची हलती चित्रं, भविष्य सांगणारी बाहुली, सगळं पेनीत. गरिबांच्या घरी गॅसचे मीटर आले तेही पेनीचेच. पेनी टाकली की तेवढ्यापुरता गॅस, संपला की चूल थंड. सार्वजनिक शौचालयांच्या दारांनाही पेनीचं कुलूप लागलं. हे कुलूप जॉन नेव्हिल मॅस्केलिन या प्रसिद्ध जादूगाराच्या डोक्यातून निघालं असं सांगतात. त्यावरूनच ‘टू स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जाणे हा सभ्य शब्दप्रयोग इंग्रजांना मिळाला. आपण ‘जरा जाऊन येतो’ म्हणतो तसा.

कल्पना मात्र एव्हरिटची नव्हे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातल्या तीर्थाचं असंच यंत्र लिहून ठेवलंय. पाच द्राख्माचं नाणं वरून टाकायचं, ते आतल्या दांडीच्या टोकावरच्या ताटलीत पडायचं, दांडी कलायची, दुसऱ्या टोकाला बांधलेलं झाकण उचललं जायचं आणि पाणी यायचं. नाणं ताटलीवरून घसरलं की दांडी सरळ, झाकण बंद, तीर्थ बंद. भाविक हात जोडून आणखी थोडं मागत राहिला तरी उपयोग नाही. यात वीज नाही की स्प्रिंग नाही. काम करतं ते नाण्याचं वजन. लंडनच्या यंत्रांची मूळ युक्तीही हीच.

म्हणून ‘ड्रॉप्ड’ला महत्त्व आहे. फटीत नाणं घातलं म्हणजे काम झालं असं नाही. आत एक उतरती वाट असते, तिच्यावरून नाणं घरंगळत जातं, वाटेत त्याची जाडी-रुंदी तपासली जाते, आणि मग ते कळीच्या दांडीवर पडतं. तिथे पडलं की अडसर सुटतो, खण उघडतो. पण वाटेत गंज असेल, नाणं वाकलेलं असेल, यंत्र जुनाट असेल, तर ते मध्येच थांबतं. तुम्ही पैसे टाकलेत, यंत्र ढिम्म. तुम्ही फटीत डोळा घालून बघता, कान लावता, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून एक थाप मारता. आणि मग आतून आवाज येतो, खट्ट. चॉकलेट बाहेर.

हा खट्ट ऐकू येण्याजोगा होता, कारण जुनी पेनी म्हणजे चिल्लर वाटावी अशी वस्तूच नव्हती. १८६० पासूनची ब्राँझची पेनी जवळजवळ ३१ मिलिमीटर रुंद आणि साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वजनाची असे. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर आणि पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, यावरून अंदाज यावा. बारा पेन्यांचा शिलिंग आणि दोनशे चाळीस पेन्यांचा पौंड, असा तो हिशेब होता. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन आणलं, शंभर पेन्यांचा पौंड केला, आणि नवी पेनी आली ती वीस मिलिमीटरच्या घरातली, साडेतीन ग्रॅमची टिकली. तिच्या पडण्याने कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला असता असं मला वाटत नाही.

आपल्याकडे हे यंत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना मी एवढं समजावत बसायची गरज नाही. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर, गावोगावच्या एसटी स्टँडवर आणि जत्रेत ते लालपिवळं, दिव्यांची झगमग असलेलं वजनाचं यंत्र असायचं. काही ठिकाणी अजून आहे. चढायचं, आतलं चक्र फिरायचं थांबेपर्यंत दम धरायचा, मग नाणं टाकायचं. खटखट आवाज, आणि खालच्या खोबणीत रेल्वेच्या जुन्या जाड तिकिटासारखं पुठ्ठ्याचं कार्ड. एका अंगाला वजन, दुसऱ्या अंगाला भविष्य नाहीतर नटनटीचा फोटो. वजन रुचलं नाही तरी भविष्य बहुधा बरं निघायचं. एव्हरिटच्या यंत्राचा हा आपला दूरचा नातेवाईक. नव्या अनुवादकांना मी हेच उदाहरण देतो: नाणं टाकलंय, कार्ड अजून आलेलं नाही, मागे आई ‘चल लवकर, गाडी आली’ म्हणतेय. तुम्ही यंत्राच्या तोंडाकडे बघताय. ‘द पेनी हॅज नॉट ड्रॉप्ड येट’ म्हणजे हे.

तारखांचं कोडं थोडं आहे. यंत्रं १८८० च्या दशकातली, पण वाक्प्रचाराचा ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातला जो दाखला नेहमी पुढे केला जातो तो १९३९ चा, ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रातला. मधली पन्नास वर्षं काय झालं? मला यात फार मोठं गूढ दिसत नाही. असे शब्दप्रयोग तोंडी जन्मतात, दारूच्या गुत्त्यात आणि कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत वाढतात, आणि छापील कागदावर पोचायला त्यांना वेळ लागतो. आपल्या ‘ट्यूब पेटली’चा पहिला छापील दाखला शोधायला गेलात तर तोही बोलण्यापेक्षा बराच उशिराचा निघेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता वाचायला मिळणाऱ्या दुसऱ्या दोन उपपत्ती. एक म्हणते, ही पेनी करमणूक केंद्रातल्या त्या काचेच्या यंत्रातली, जिथे नाण्यांचा ढीग कड्यावर लटकत असतो आणि पुढेमागे सरकणारी पट्टी तो ढकलत असते. चित्र छान आहे, पण ती यंत्रं १९६० च्या दशकातली; नातवावरून आजोबांचं नाव ठेवल्यासारखं होईल ते. तिथे नाणं पडलं की पैसे मिळतात, समज येत नाही, हा आणखी एक आक्षेप.

दुसरी उपपत्ती टेलिफोनची, आणि ती इतकी सहज झटकता येत नाही. ब्रिटनमधल्या लाल टेलिफोन खोक्यांत १९२० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणं होती. पेन्या टाकायच्या, नंबर फिरवायचा. पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हटलं तर ते तुम्हाला ऐकू यायचं, पण तुमचा आवाज त्याला जायचा नाही. ‘ए’ दाबलं की पेन्या खालच्या पेटीत धडाधड पडायच्या आणि मगच बोलणं सुरू व्हायचं. कुणी उचललंच नाही तर ‘बी’ दाबून पैसे परत. रस्त्यावरची पोरं येताजाता ‘बी’ दाबून बघायची, कुणी विसरलंय का म्हणून. पेनी पडली की संपर्क जुळला, हे रूपक समजुतीला चपखल बसतं यात शंका नाही. तरी माझं मत फलाटावरच्या यंत्राच्या बाजूने आहे. टेलिफोनमध्ये पेनी तुम्ही बटण दाबून पाडता. ते तुमच्या हातात असतं. वाक्प्रचारातली पेनी कुणाच्या हातात नसते, ती तिच्या वेळेला पडते. टेलिफोनने जुन्याच प्रतिमेला नवं बळ दिलं असावं, इतपत मी मान्य करीन.

टेलिफोनची बाजू घेणाऱ्यांकडे एक भक्कम पुरावा मात्र आहे, आणि तो इंग्लंडबाहेरचा. मेक्सिकोत स्पॅनिश बोलणारा म्हणतो, ‘मे कायो एल बेइन्ते’, माझं वीसचं पडलं. वीस म्हणजे वीस सेंताव्होचं नाणं, सार्वजनिक फोनमध्ये टाकायचं. ब्राझीलमध्ये पोर्तुगीजमध्ये म्हणतात ‘काइउ आ फिशा’, टोकन पडलं. रस्त्यावरच्या अंड्याच्या कवचासारख्या फोनखोक्यांत ही टोकनं चालायची आणि पलीकडून फोन उचलला की आत पडायची. इस्रायलमध्ये हिब्रूत ‘नाफल हा-असिमोन’. असिमोन म्हणजे मध्ये भोक असलेलं फोनचं टोकन. या तिन्ही ठिकाणी वाक्प्रचार फोनमधूनच निघालाय.

युरोपात नाणी बदलतात, वाक्य तेच राहतं. जर्मन माणसाचा ग्रोशन पडतो, म्हणजे दहा पफेनिशचं नाणं. डच माणसाचं पडतं ते क्वार्ट्ये, पंचवीस सेंटचं. डेन्मार्कमध्ये दहा ओरचं नाणं पडतं, स्वीडनमध्ये पोलेट, म्हणजे टोकन. जर्मन लोकांनी तर याला एक जोड दिलीय जी मला इंग्रजीहून सरस वाटते. फारच मंद माणसाबद्दल ते म्हणतात, त्याचा ग्रोशन पफेनिश-पफेनिशने पडतो. दहाचं नाणं एकदम खट्ट न पडता पै-पैच्या हप्त्यांनी पडतंय! या एका वाक्यात चेहरा दिसतो बघा, हळूहळू उजळत जाणारा. जर्मनी आणि हॉलंडमध्ये २००२ साली युरोची नाणी हातात आली, ग्रोशन आणि क्वार्ट्ये खिशातून गेले, पण लोकांच्या डोक्यात ते अजून पडतायत.

अमेरिकेत काय? तिथे पेनी म्हणजे एक सेंट, आणि हा वाक्प्रचार तिथे फारसा रुळला नाही. अमेरिकन माणूस डोक्यात दिवा लागला म्हणेल, किंवा ‘क्लिक’ झालं म्हणेल. अमेरिकन कथेत ‘ड्रॉप अ डाइम’ दिसलं तर मात्र सावध राहा. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, एके काळी तेवढ्यात स्थानिक फोन व्हायचा. अर्थ आहे पोलिसांकडे चुगली करणे. नाणं तिथेही पडतं, पण कळतं ते पोलिसांना.

आता मराठी, आणि इथेच खरी कसोटी.

आपल्याकडेही रुपया टाकायचे फोन होते. पानवाल्याच्या टपरीवर लाल नाहीतर पिवळा डबा, रुपया टाकून नंबर लावायचा, फोन लागला नाही तर रुपया परत. इतकी वर्षं आपण ते वापरले, तरी ‘माझा रुपया पडला’ असं मराठीत कुणी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलंच तर समोरचा खाली वाकून शोधायला लागेल. नाण्याला मराठीने दुसऱ्या कामांना लावलंय. गोष्ट सोळा आणे खरी असते, माणूस खणखणीत नाणं असतो, बंदा रुपया असतो. उशिरा कळण्याची प्रतिमा आपण घेतली ती घराच्या छतावरून: ‘ट्यूब पेटली.’

मला वाटतं पेनीला याच्याइतका जवळचा शब्द क्वचितच एखाद्या भाषेत सापडेल, कारण इथेही यंत्र आहे आणि इथेही ते अडतं. जुनी ट्यूब बटण दाबल्याबरोबर लागायची नाही. स्टार्टरमधल्या पट्ट्या गरम होऊन जुळायच्या, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापायच्या, पट्ट्या सुटायच्या, त्या क्षणी चोक दाबाचा एक झटका द्यायचा. झटका पुरला तर ट्यूब पेटली. नाही तर पुन्हा पहिल्यापासून. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ती टोकांना लालसर होऊन लुकलुकत राहायची आणि कुणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर पिळायचं. फलाटावरच्या यंत्राला मारलेली थाप आणि हा पिळलेला स्टार्टर, एकाच जातीचे. शिवाय ‘ट्यूबलाइट’ हे माणसालाच लावायचं विशेषण झालं, ते इंग्रजांना पेनीतून काढता आलं नाही. ‘आमचा हा अगदी ट्यूबलाइट आहे’ याला ब्रिटिश इंग्रजीत अख्खं वाक्य खर्चावं लागतं.

मग सरसकट ‘ट्यूब पेटली’ लिहायचं का? नाही. कथा १९४० च्या लंडनमधली असेल आणि सरदार घराण्यातली म्हातारी बोलत असेल, तर तिच्या तोंडी ट्यूब पेटवू नका. वाचक थेट दादरच्या चाळीत जाऊन पडेल. तिथे ‘डोक्यात लख्ख प्रकाश पडला’ चालतं. पडण्याचं क्रियापदही आपोआप मिळतं, हा योगायोग मला आवडतो: मराठीतही समज पडतेच, फक्त नाण्याऐवजी प्रकाशाच्या रूपात. निवेदन जरा गंभीर असेल तर ‘तेव्हा कुठे उलगडा झाला’. यातलं ‘तेव्हा कुठे’ फार कामाचं आहे. पेनीचा अडकलेला वेळ तेच दोन शब्द वाहून नेतात. अनुवादक ‘उमगलं’, ‘ध्यानात आलं’ असे भारी शब्द शोधत बसतात आणि हे दोन फुकटचे शब्द विसरतात. ‘त्याला कळलं’ आणि ‘तेव्हा कुठे त्याला कळलं’ यांत पेनीचाच फरक आहे.

रहस्यकथेत, म्हणजे तुमच्याच प्रसंगात, आणखी रंगतदार शब्द हाताशी आहेत. फसवणूक कळली असेल तर ‘पाणी कुठे मुरतंय ते ध्यानात आलं’. अडचणीचं कारण सापडलं असेल तर ‘घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं’. कुणाच्या बोलण्यातली खोच उशिरा समजली असेल तर ‘त्यातली मेख तेव्हा कुठे कळली’. हे तिन्ही मूळ वाक्प्रचारापेक्षा जास्त सांगतात, म्हणून आधी बघायचं की पेनी पडून माणसाला नक्की कळलं काय. पात्राला आपल्या नवऱ्याचा खरा चेहरा दिसला असेल तर ‘डोळे खाडकन उघडले’ बरोबर. पण विनोद उशिरा कळला असेल तर डोळे उघडायचं काही कारण नाही, तिथे ‘आत्ता पेटली’ पुरे.

दोन जवळचे शब्द मात्र टाळा. ‘उशिरा सुचलेलं शहाणपण’ हे कृती करून बसल्यावर आलेलं असतं, त्यात पश्चात्तापाची छटा आहे. पेनीत ती असायलाच हवी असं नाही. आणि ‘बिंग फुटलं’ म्हणजे दुसऱ्याचं गुपित चारचौघांत उघड झालं. पेनी एकाच्याच डोक्यात पडते. बाकीच्यांना आवाजही जात नाही.

हल्लीच्या मुलांची अडचण वेगळीच आहे. घरोघरी एलईडी पट्ट्या आल्या, बटण दाबलं की उजेड. माझ्याकडे अनुवाद शिकायला येणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, ‘सर, पण ट्यूब पेटायला वेळ का लागावा?’ तिला ‘ट्यूब पेटली’ हा प्रयोग नीट येत होता, ती तो रोज वापरत होती, फक्त त्यातला उशीर तिच्यापर्यंत पोचला नव्हता. ती तो ‘पटकन सुचलं’ या अर्थी लिहीत होती. ब्रिटनमधल्या तिच्या वयाच्या मुलांनी तरी जुनी पेनी कुठे पाहिलीय? मोबाइल टेकवून पैसे देणाऱ्या पिढीला पडणारं नाणं म्हणजे नुसता ध्वनी. तिला मी माळ्यावरची जुनी पट्टी काढून, वायर जोडून दाखवली. चार वेळा लुकलुकली. पाचव्यांदा लागली. त्यानंतर तिच्या खर्ड्यात तो शब्द चुकीच्या जागी आलेला मला आठवत नाही.

आता तुमचा ईमेल. वाक्प्रचारात पेनी नेहमी ‘द’ घेऊन येते, ‘अ’ घेऊन नाही. ठरलेली एकच पेनी, सगळ्यांना ठाऊक असलेली. ‘अ पेनी ड्रॉप्ड’ म्हटलं की खरंच कुणाच्या खिशातून नाणं पडलं. दुसरं, ‘इन माय माइंड’ची गरज नाही. कुठे पडली हे इंग्रजीत सांगत नाहीत. फार तर ‘फॉर मी’ चालतं. तुमच्या सहकाऱ्याला तुमच्या डोक्यात एक सुटं नाणं खुळखुळताना दिसलं असणार, म्हणून तो हसला. त्याने वाईट अर्थाने घेतलं असेल असं वाटत नाही. पुढच्या वेळी ‘द पेनी हॅज फायनली ड्रॉप्ड’ लिहा. स्वतःबद्दल असं लिहिणं इंग्रजांना आवडतं, त्यात स्वतःची थोडी थट्टा आहे. साहेबांबद्दल किंवा ग्राहकाबद्दल मात्र लिहू नका. त्यांची ट्यूब उशिरा पेटली असं तुम्ही मराठीत तरी लेखी कळवाल का?